कौटुंबिक हिंसाचार, शिक्षा आणि रजा: भारतीय कायद्यातील सुधारणा

भारतातील कौटुंबिक हिंसाचारविषयक कायदा हा एकसंध कायदा नसून वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हेतूंनी झालेल्या तरतुदींचा समूह आहे. पती वा सासरच्या मंडळींचे क्रौर्य गुन्हा ठरवणारी फौजदारी तरतूद १९८३ ची आहे. पीडितेला निवारा, पैसा आणि संरक्षण मिळवून देणारा दिवाणी स्वरूपाचा अधिनियम २००५ चा आहे. नोकरदार स्त्रीच्या कुटुंबविषयक रजेचा कायदा मुळात १९६१ चा आहे. यांपैकी पहिल्या दोहोंवर न्यायालयांत, संसदेत आणि वृत्तपत्रांत सतत चर्चा होते. तिसऱ्याचा हिंसाचाराशी काही संबंध असेल असे सहसा मानले जात नाही. मात्र पीडित स्त्री पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात जाते ती बहुधा कामाच्या दिवशीच, आणि त्या दिवसाची रजा किंवा मजुरी कोठून यायची याचे उत्तर या तिन्हींपैकी एकाही कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी ही स्थिती तशीच राहिली आहे.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली आणि इतर शहरांत नवविवाहितांच्या जळून झालेल्या मृत्यूंविरुद्ध स्त्री संघटनांनी आंदोलने सुरू केली. असे मृत्यू तोवर 'स्टोव्हचा भडका' किंवा 'आत्महत्या' म्हणून नोंदवले जात आणि तपास तेथेच थांबे. महाराष्ट्रात १९८२ मध्ये पुण्यातील एका नवविवाहितेच्या मृत्यूने मोठी खळबळ उडाली. त्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी दिलेली फाशीची शिक्षा रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आरोपीची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या त्या निकालात सांगितल्या गेल्या, त्या आजही विधी महाविद्यालयांत शिकवल्या जातात. बंद दाराआड घडलेली घटना न्यायालयात सिद्ध करणे किती अवघड असते, हे त्या निकालाने सर्वांसमोर आणले.

या वातावरणात २५ डिसेंबर १९८३ पासून भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ समाविष्ट झाले. स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करील किंवा तिच्या जीविताला, शरीराला वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचवील असे हेतुपुरस्सर वर्तन, तसेच मालमत्तेच्या बेकायदेशीर मागणीसाठी केलेला छळ, यांना त्यात 'क्रौर्य' म्हटले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी ठरली. गुन्हा अजामीनपात्र, आणि पीडितेने किंवा तिच्या नातलगांनी खबर दिल्यास दखलपात्र. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४ब आले. विवाहानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला आणि मृत्यूपूर्वी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर पती वा नातलग त्या मृत्यूस जबाबदार असल्याचे त्यात गृहीत धरले जाते. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप.

याच काळात महाराष्ट्रात कायद्याच्या पुस्तकाबाहेरची एक व्यवस्था उभी राहिली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांच्या सहकार्याने 'महिला व बालकांसाठी विशेष कक्ष' सुरू झाला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतील अशी ही रचना होती. पुढे २००० मध्ये मुंबई महानगरपालिका आणि सेहत ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. मार लागलेली स्त्री पोलीस ठाण्याआधी रुग्णालयात येते, आणि तेथे तिला "पायरीवरून पडले" असे सांगावे लागू नये, ही त्यामागील साधी जाणीव होती.

२००५ चा अधिनियम

फौजदारी कायद्याची एक मर्यादा लवकरच लक्षात आली. पतीला अटक झाल्यास स्त्रीला घराबाहेर काढले जाई, आणि अटक न झाल्यास तिला त्याच घरात त्याच्यासोबत राहावे लागे. तिला हवे असे ते छप्पर, मुलांचा ताबा, घरखर्च आणि मारहाण थांबणे. तुरुंग हा या मागण्यांतील शेवटचा मुद्दा होता, कित्येकदा तर तो मागणीत नव्हताच. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' याच उणिवेतून जन्माला आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला.

अधिनियमाच्या कलम ३ मध्ये हिंसाचाराची व्याख्या शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशी केलेली आहे. आर्थिक अत्याचारात घरखर्च न देणे, स्त्रीधन विकून टाकणे, तिच्या हक्काच्या साधनांपासून तिला वंचित ठेवणे या गोष्टी येतात. विवाहासारख्या संबंधात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण आहे. आई, बहीण, विधवा वहिनी यांनाही अर्ज करता येतो. अर्ज दंडाधिकाऱ्याकडे करायचा असला तरी मागितले जातात ते दिवाणी स्वरूपाचे आदेश: संरक्षण (कलम १८), निवास (कलम १९), आर्थिक साहाय्य (कलम २०), मुलांचा ताबा (कलम २१) आणि नुकसानभरपाई (कलम २२). कलम २३ नुसार अंतरिम आणि प्रसंगी एकतर्फी आदेशही देता येतो. शिक्षा येते ती दंडाधिकाऱ्याचा संरक्षण आदेश मोडल्यावरच, कलम ३१ खाली: एक वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पोटगीचा आदेश मोडणे हा या कलमाखाली गुन्हा ठरतो की नाही, याबाबत उच्च न्यायालयांमध्ये मतभेद आहेत.

या अधिनियमाचा सर्वांत वादग्रस्त भाग घराचा. स्त्री ज्या घरात नांदली त्या 'सामाईक घरात' राहण्याचा हक्क कलम १७ देते, मग त्या घराच्या मालकीत तिचे नाव असो वा नसो. डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे कायदा लागू होऊन दोन महिनेही उलटले नव्हते तोच, सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात या हक्काला मोठी खीळ घातली. घर पतीच्या मालकीचे, भाड्याचे किंवा त्याच्या एकत्र कुटुंबाचे असेल तरच ते सामाईक घर, असा तो निकाल होता. सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावरचे घर त्यातून वगळले गेले. भारतीय शहरांत तरुण जोडप्यांपैकी किती जण स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात याचा विचार केल्यास या एका वाक्याने किती स्त्रिया कायद्याबाहेर गेल्या असतील याची कल्पना येते. हा निकाल चौदा वर्षे टिकला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो चुकीचा ठरवला आणि सासऱ्याच्या मालकीचे घरही, तेथील वास्तव्य तात्पुरते नसेल तर, सामाईक घर असू शकते असे सांगितले. त्याच वेळी वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काशी या हक्काचा समतोल साधण्याची सूचनाही न्यायालयाने केली.

अधिनियमातील प्रतिवादी मुळात 'प्रौढ पुरुष' होता. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या हिरल हरसोरा प्रकरणात ६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन शब्द रद्द केले. त्यामुळे स्त्री नातलगांविरुद्धही अर्ज करता येऊ लागला. पीडित मात्र स्त्रीच असावी लागते. पुरुषांनाही हे संरक्षण मिळावे अशी मागणी अधूनमधून होते, पण संसदेने त्या दिशेने पाऊल टाकलेले नाही. १२ मे २०२२ च्या प्रभा त्यागी निकालाने, हिंसाचार झाला तेव्हा स्त्री प्रत्यक्ष त्या घरात राहत असलीच पाहिजे असे नाही, हेही स्पष्ट झाले.

अंमलबजावणी आणि दिवसांचा हिशेब

कायद्याच्या कागदावर वेग आहे. अर्ज मिळाल्यापासून पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत द्यावी, नोटीस दोन दिवसांत बजावावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १२ आणि १३ सांगतात. या साऱ्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. घटना अहवाल तयार करणे, वैद्यकीय तपासणी व निवारा मिळवून देणे, विधी साहाय्याशी जोडून देणे, आदेशाची अंमलबजावणी पाहणे, अशी त्याची दहा-बारा कामे आहेत. अनेक राज्यांत हे पद स्वतंत्र नाही. आधीच दुसऱ्या कामांनी दबलेल्या अधिकाऱ्याकडे त्याचा अतिरिक्त कार्यभार दिला जातो. कायदा लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यानंतर, २० मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना आदेश द्यावा लागला की जिल्हा व तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातील अधिकारी शोधून, जेथे ते नाहीत तेथे सहा आठवड्यांत त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे. कलम ३३ खाली कर्तव्यात कसूर करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला एक वर्षाची शिक्षा आहे. जेथे अधिकारीच नेमलेला नाही तेथे कसूर कोणाची, याला कलम नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार अनुभवला होता. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. या मौनाची कारणे लाज, भीती, मुले, माहेरची परिस्थिती अशी अनेक आहेत. पण तक्रार करायची ठरवल्यानंतर काय काय करावे लागते हेही त्यात धरायला हवे. पोलीस ठाण्यात जबाब. रुग्णालयात तपासणी. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटना अहवाल. विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलासाठी अर्ज. न्यायालयात पहिली तारीख, मग नोटीस बजावली गेली नाही म्हणून पुढची तारीख, मग वकील आले नाहीत म्हणून आणखी एक. कलम १४ खाली समुपदेशनाला पाठवले तर त्याच्या बैठका वेगळ्या. मुलांची शाळा बदलायची असल्यास दाखल्यासाठी एक खेप, भाड्याची खोली शोधण्यासाठी कित्येक.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, वकील मोफत मिळतो. वकील मोफत असला तरी दिवस फुकट जातो तो तिचा. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याने (२०१७) कामगाराला वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा दिली आहे, आणि तीही तिमाहीच्या हप्त्याने खात्यात जमा होते. तिमाहीला दोन दिवस, असा तो हिशेब. त्यातच मुलाचा ताप, घरातले आजारपण आणि गावाकडचे कार्य. एखादी तारीख पुढे गेली की त्या तिमाहीची रजा संपली. यापुढच्या प्रत्येक खेपेला पगार कापला जातो किंवा वरिष्ठाला कारण सांगावे लागते, आणि जे कारण तिने शेजारणीलाही सांगितलेले नसते ते तिला कार्यालयात लिहून द्यावे लागते.

शिक्षा

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धच्या ४,४५,२५६ गुन्ह्यांपैकी ३१.४ टक्के गुन्हे 'पती वा त्याच्या नातलगांकडून क्रौर्य' या एकाच शीर्षाखाली आहेत. इतर कोणत्याही शीर्षापेक्षा हे प्रमाण अधिक आहे. तरीही कलम ४९८अ वर गेली दोन दशके चालू असलेला वाद शिक्षेविषयी फारसा नाही. तो अटकेविषयी आहे.

२००५ मध्ये एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलमाची वैधता मान्य केली, पण त्याच्या गैरवापराला 'कायदेशीर दहशतवाद' असे म्हटले. हा शब्दप्रयोग पुढे कलमाच्या विरोधकांच्या तोंडी कायमचा बसला. विधी आयोगाने २०१२ मधील २४३ व्या अहवालात गुन्हा अजामीनपात्र ठेवावा, मात्र न्यायालयाच्या परवानगीने तडजोडयोग्य करावा, अशी शिफारस केली. २ जुलै २०१४ च्या अर्नेशकुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालाने, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करू नये, अटकेची गरज लेखी नोंदवावी, असा नियम घालून दिला. त्या निकालात न्यायालयाने उद्धृत केलेल्या आकडेवारीनुसार या कलमाखाली दोषारोपपत्राचे प्रमाण ९३.६ टक्के आणि दोषसिद्धीचे प्रमाण केवळ १५ टक्के होते.

या १५ टक्क्यांचा अर्थ वाचकागणिक बदलतो. बहुतेक तक्रारी खोट्या असतात असा एक निष्कर्ष त्यातून काढला जातो. पण खटला वर्षानुवर्षे रेंगाळल्यावर स्त्री थकून साक्ष बदलते, घटस्फोटाच्या समझोत्यात तक्रार मागे घेण्याची अट घातली जाते आणि उच्च न्यायालय समझोत्याच्या आधारे खटला रद्द करते. अशी सर्व प्रकरणे आकडेवारीत एकतर निर्दोष सुटकेत जातात किंवा दोषसिद्धीच्या बाहेर राहतात. निर्दोष सुटका म्हणजे तक्रार खोटी असल्याचा पुरावा नव्हे. उलट बाजूचाही एक मुद्दा खरा आहे: दूर राहणारी नणंद, परगावी नोकरी करणारा दीर, सत्तरीतले सासू-सासरे यांची सरसकट नावे तक्रारीत घातली जातात, आणि त्याचा फटका ज्या तक्रारी खऱ्या आहेत त्यांनाच अधिक बसतो. १० डिसेंबर २०२४ च्या दारा लक्ष्मी नारायण निकालात न्यायालयाने अशा मोघम आरोपांबद्दल पुन्हा इशारा दिला.

२७ जुलै २०१७ रोजी राजेश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात 'कुटुंब कल्याण समित्या' नेमण्यास सांगितले. समितीचा अहवाल येईपर्यंत साधारणपणे अटक होणार नव्हती. १४ सप्टेंबर २०१८ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने, अशा समित्या निर्माण करणे हे कायद्याच्या चौकटीबाहेरचे आहे असे सांगून तो भाग रद्द केला. मात्र २२ जुलै २०२५ रोजी, एका वैवाहिक वादात, सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांत पुन्हा कुटुंब कल्याण समित्या आहेत, आणि गुन्हा नोंदल्यानंतर दोन महिने अटक वा सक्तीची कारवाई करू नये अशी तरतूद आहे. २०१८ मध्ये मागे घेतलेली कल्पना सात वर्षांनी अशी परत आली. या दोन महिन्यांत स्त्रीने कोठे राहायचे आणि कशावर जगायचे, हा प्रश्न २००५ च्या अधिनियमाकडे सोपवलेला आहे. आरोपीला मिळालेल्या वेळेइतका वेळ तक्रारदाराला तिच्या नोकरीत मिळेल अशी सोय मात्र त्या अधिनियमातही नाही.

भारतीय न्याय संहितेत ४९८अ हे कलम ८५ आणि ८६ असे विभागले गेले. ८५ मध्ये शिक्षा, ८६ मध्ये क्रौर्याची व्याख्या. मजकूर जवळपास तोच, शिक्षाही तीच, तीन वर्षांपर्यंत. हुंडाबळी कलम ८० मध्ये गेला. संहिता लागू होण्यापूर्वीच, ३ मे २०२४ च्या एका निकालात, सर्वोच्च न्यायालयाने संसदेला या दोन कलमांचा फेरविचार करण्याची सूचना केली होती. तो झाला नाही. ४१ वर्षांपूर्वीची कमाल शिक्षा आणि ४१ वर्षांपूर्वीचीच शब्दरचना नव्या क्रमांकांसह पुढे चालू राहिली. मरेपर्यंतच्या छळाला कमाल तीन वर्षे आणि मरणानंतर किमान सात, ही विषम रचनाही कायम राहिली.

विवाहांतर्गत बलात्काराचा अपवादही संहितेच्या कलम ६३ मध्ये टिकून आहे. पत्नी १८ वर्षांपेक्षा लहान नसेल तर पतीने केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ११ मे २०२२ रोजी या प्रश्नावर परस्परविरोधी निकाल दिले आणि विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ चा अधिनियम मात्र पतीकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराला हिंसाचार मानतो. म्हणजे एकाच कृत्याबद्दल दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतो, पण बलात्काराचे दोषारोपपत्र दाखल होऊ शकत नाही.

शिक्षा वाढवण्याचा मार्ग लोकप्रिय आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेले 'शक्ती' विधेयक लैंगिक अत्याचार आणि आम्लहल्ल्यांसाठी कडक शिक्षा सुचवणारे होते. कौटुंबिक हिंसाचारात हा मार्ग अपुरा पडतो, कारण येथे बहुसंख्य प्रकरणे शिक्षेच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तक्रारदार स्त्री शेवटच्या तारखेपर्यंत टिकली तर शिक्षेचा प्रश्न येतो.

रजा

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ ची दुरुस्ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. तिसऱ्या अपत्यासाठी १२ आठवडे, तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ दत्तक घेणाऱ्या मातेला १२ आठवडे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर. हेच आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरील स्त्रीच्या रजेचा संपूर्ण खर्च मालकावर पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १८३ क्रमांकाच्या करारात मालकावर व्यक्तिशः असा भार टाकू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून भागवावा, असे तत्त्व आहे. भारताने ते स्वीकारलेले नाही. त्यामुळे रजा वाढली की तरुण विवाहित स्त्रीला नोकरी देताना मालक बिचकतो, ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. पित्याची रजा खासगी क्षेत्रात कायद्याने नाहीच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मात्र १५ दिवस मिळतात, आणि सरकारी महिला कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे.

या साऱ्या रजा जन्म आणि संगोपन यांभोवती फिरतात. घरातील मारहाणीसाठी रजा ही कल्पना भारतीय कायद्याला सर्वस्वी परकी आहे असे मात्र म्हणता येणार नाही, कारण तिचे जवळचे रूप येथे आधीपासून आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाचे कलम १२ सांगते की चौकशी चालू असताना पीडित स्त्रीच्या लेखी विनंतीवरून समितीने तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करावी, आणि ही रजा तिच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त असावी. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांत २०१७ मध्ये यासाठी ९० दिवसांची विशेष रजा आली. ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तत्त्व स्पष्ट आहे: छळाची तक्रार करणाऱ्या स्त्रीला वेळ लागतो, आणि त्या वेळेची किंमत तिने भरू नये. छळ करणारा सहकारी असेल तर हे तत्त्व लागू होते. छळ करणारा पती असेल तर होत नाही.

त्याहून लक्षणीय आहे ते २००५ च्या अधिनियमाचे कलम २०. त्याच्या पहिल्या पोटकलमात पीडितेच्या बुडालेल्या कमाईची भरपाई प्रतिवादीकडून मागता येते. म्हणजे कामाचे दिवस बुडतात हे संसदेला २००५ मध्येच माहीत होते. सहाव्या पोटकलमानुसार प्रतिवादीने पैसे न दिल्यास दंडाधिकारी त्याच्या मालकाला आदेश देऊन त्याच्या पगारातून रक्कम थेट स्त्रीला देववू शकतो. पुरुषाच्या मालकापर्यंत कायद्याचा हात पोहोचतो. स्त्रीच्या मालकाबद्दल अधिनियमात एक शब्दही नाही. भरपाई मिळते ती निकालानंतर, तोवर नोकरी टिकलेली असली तर.

इतर देशांतील तरतुदी

हिंसाचार-रजेच्या कायद्यात आशियाई देशांपैकी फिलिपाइन्स अग्रणी आहे. २००४ च्या तेथील स्त्रिया व बालकांवरील हिंसाचारविरोधी कायद्यात पीडित स्त्री कर्मचाऱ्याला दहा दिवसांपर्यंत पगारी रजा दिली गेली, आणि संरक्षण आदेशात तशी गरज नमूद असल्यास ती वाढवताही येते. म्हणजे भारताचा अधिनियम संमत होण्याच्या एक वर्ष आधी. न्यूझीलंडने जुलै २०१८ मध्ये दहा दिवसांच्या पगारी रजेचा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१९ पासून लागू झाला. आयर्लंडमध्ये २७ नोव्हेंबर २०२३ पासून पाच दिवस मिळतात.

ऑस्ट्रेलियातील २०२२ च्या कायद्यात तपशिलाचा विचार सर्वाधिक दिसतो. दहा दिवसांची पगारी रजा १ फेब्रुवारी २०२३ पासून मोठ्या आणि १ ऑगस्ट २०२३ पासून छोट्या आस्थापनांना लागू झाली. ती हंगामी व रोजंदारीसारख्या अनियमित कामगारांनाही आहे, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण मिळते. पगारपत्रकावर या रजेचा उल्लेख करण्यास तेथे मनाई आहे. पगारपत्रक घरी जाते, आणि घरी ते कोण उघडून पाहील हे सांगता येत नाही, एवढा बारीक विचार त्यामागे आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये संमत झाला आणि २५ जून २०२१ पासून अंमलात आला. कौटुंबिक हिंसाचाराचे कामावर होणारे परिणाम ओळखून ते कमी करण्याची जबाबदारी तो सदस्य राष्ट्रांवर टाकतो. सोबतच्या २०६ क्रमांकाच्या शिफारशीत पीडितांसाठी रजेचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने या कराराचे अनुसमर्थन केलेले नाही.

भारतातील मर्यादा

अशी रजा भारतात आणण्यासाठी नवा स्वतंत्र कायदा लागेलच असे नाही. श्रम हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्यांनाही आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करता येते. केंद्र आणि राज्य सरकारे आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तर केवळ रजा नियम बदलून ती देऊ शकतात. पुरावा कोणता मागावा, हा प्रश्न कठीण असला तरी सुटण्यासारखा आहे. संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल, रुग्णालयाचा कागद किंवा न्यायालयाची तारीख दाखवणारी नोंद पुरेशी मानता येईल. खर्चाचा प्रश्न मातृत्व रजेच्या अनुभवावरून अधिक गंभीर वाटतो. पूर्ण भार मालकावर टाकल्यास घटस्फोटित किंवा विभक्त स्त्रीला कामावर घेण्यास तो टाळाटाळ करील, अशी भीती व्यक्त करता येते. दहा दिवसांचा पगार आणि २६ आठवड्यांचा पगार यांत मोठा फरक आहे, हेही तितकेच खरे.

खरी मर्यादा वेगळीच आहे. भारतातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया शेतात, बांधकामावर, घरगुती उद्योगात किंवा दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून राबतात. त्यांना रजेचा कायदाच लागू होत नाही. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, पण पगारी रजा देण्याची सक्ती त्याने घरमालकिणीवर केलेली नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी अधिनियमाने घरकामगार स्त्रीच्या बाबतीत ती ज्या घरात काम करते त्या घरालाच 'कामाचे ठिकाण' म्हटले आहे, आणि तेथे छळ झाल्यास तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तीच स्त्री संध्याकाळी आपल्या घरी मार खाऊन दुसऱ्या दिवशी न्यायालयात गेली, तर त्या दिवसाचा खाडा तिच्या महिन्याच्या पगारातून कापला जातो.